बावीस वर्षं राक्षस, एक वर्ष पाकट

बावीस वर्षं मी राक्षस होतो. दर गणपतीत वेगळा, पण राक्षसच. वडगावात आमच्या आळीच्या मंडळाचा सजीव देखावा असतो. मांडव भरला की आळीतलीच माणसं दहा मिनिटांचा खेळ करतात, लोक बाहेर गेले की नवे लोक आत आणि तोच खेळ परत. त्यात शेवटी मरायला कुणीतरी मोठ्या अंगाचं लागतं. मी शंभर किलोच्या पुढचा. आवाज असा की कचेरीच्या आवारात मी चहावाल्याला हाक मारली की कोर्टाचा पट्टेवाला दचकून बाहेर येतो. काळा राक्षस झालो, लाल झालो, शिंगवाला झालो, एका वर्षी तर नुसतं मुंडकं झालो. रोज सात-सात वेळा मरायचो आणि घरी येऊन पोटभर जेवायचो.

एरवी माझा धंदा अर्ज लिहायचा. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो. वारसनोंद, हद्दीची तक्रार, बांध कोरला, रस्ता अडवला. तीस वर्षं हेच ऐकतोय, त्यामुळे समोरचा बोलायला लागला की दुसऱ्या शब्दाला पुढचं सगळं मला कळतं.

"भाऊ, आमचा थोरला—"

"वाटप करून देत न्हाई."

"आयला, तुमाला कसं कळलं?"

कसं कळलं म्हणजे काय! रोज चार जणांचे थोरले तेच करतात. लोकांना याचं मोठं कौतुक वाटतं. घरी कुणाला वाटत नाही. बायको म्हणते, "आवं, निदान माझी शिंक तरी मला पुरी करू द्या."

आम्हाला एक मुलगी. ती रत्नागिरीला समुद्रातल्या माशांवर संशोधन करते. आमच्या घराण्यात आजवर कुणी गुडघ्याच्या वर समुद्रात गेलेलं नाही, आणि ही पहाटे बंदरावर जाऊन जाळ्यातली मासळी उलटीपालटी करून बघते. कुणी विचारलं पोरगी काय करते, की मी सांगायचो, "मासे बघती. आमी खातो, ती बघती." आणि वर खो-खो हसायचो. तिच्यासमोरही हसायचो. आता लिहिताना लाज वाटते, पण हसायचो हे खरं.

गेल्या साली ती गणपतीला आली ती मनात एक गोष्ट घेऊनच. मला तिने तीनदा विचारलं. पहिल्यांदा जेवताना म्हणाली, "बाबा, मला एका बोटीवर—"

"बोटीवर? मुळीच न्हाई."

दुसऱ्यांदा मी मोटरसायकल पुसत होतो तेव्हा. "बाबा, स्कॉटलंडला दोन वर्षांचं एक—"

"म्हंजी दोनाची चार व्हणार, तितंच कुणीतरी गोरा बघणार आन् आमाला लग्नाचा फोटो धाडणार. कळलं."

"मी तसं काही म्हटलंच नाही."

"म्हणणार व्हतीस."

तिसऱ्यांदा तर तिने नुसतं "बाबा" म्हटलं आणि मी हात वर करून म्हणालो, "अर्ज फेटाळण्यात येत आहे." मला वाटलं फार झकास विनोद झाला. ती हसली नाही, रडलीही नाही. पानातला भात संपवला, ताट धुतलं आणि माडीवर निघून गेली. बायको खरकटं आवरता आवरता म्हणाली, "इसर्जनाच्या आत तिला तिकडं कळवायचंय. तुमी व्हय म्हणल्याबिगर ती जायाची न्हाई, असलीच येडी हाय ती. आन् न्हाई गेली तर त्वांडावर काय बोलायची न्हाई, पर तुमच्याशी पयल्यासारकी कदी बोलायचीबी न्हाई. बघा आता तुमचं तुमी."

मी काय बघणार! मी वर्तमानपत्र उघडलं.

तर त्या साली तालुक्याच्या देखावा स्पर्धेला विषय होता पर्यावरण. आमच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे स्टेशनसमोरचा मोबाईलवाला. तो संध्याकाळी घरी येऊन मुलीला म्हणाला, "ताई, सगळे वाघ नाहीतर झाड करणार. आपल्याला कायतरी लय येगळं पायजे." मुलगी जरा विचार करून म्हणाली, "समुद्राचा तळ करू या. आणि तळावर एक भला मोठा पाकट."

कोकणात पाकट म्हणतात तो चपटा मासा. पतंगाला शेपूट लावून जमिनीवर टाकावा, तसा दिसतो. तिला हवा होता तो थंड समुद्रातला, माणसाहून लांब वाढणारा. "भला मोठा" हे शब्द ऐकले आणि अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं. मुलगीही म्हणाली, "हो, लांबी-रुंदीला बाबाच बसतात."

मला आनंद झाला. म्हटलं राग बाजूला ठेवून पोरीने बापालाच मुख्य भूमिका दिली. मी आतल्या खोलीत आरशासमोर उभा राहून हसण्याची तालीम सुरू केली. राक्षसाचं हसणं पोटातून यावं लागतं. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तो हसत नाही."

"मग डरकाळी?"

"आवाजच करत नाही तो."

"मग करतो काय?"

"तळाशी पडून राहतो."

"आन्?"

"बघतो."

"बरं, मरतो कदी?"

"मरत नाही."

बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच जिवंत राहणार होतो आणि मला त्याचंच वाईट वाटलं. त्यात ती जाता जाता म्हणाली, "आणि बाबा, एवढा मोठा आकार मादीचा असतो. नर लहान असतात." स्वयंपाकघरात बायको एवढी हसली की तिच्या हातातलं उलथनं पडलं. पुढचे दोन दिवस ती मला जेवायला हाक मारताना "अगं ए" म्हणत होती.

भाताच्या पेंढीवर टाकायची जुनी ताडपत्री आमच्याकडे होती, तिचा मासा शिवला. दोन्ही बाजूंचे पंख बांबूच्या कामट्यांवर ताणले. शेपटीला पाण्याचा पाईप आणि त्यावर पुठ्ठ्याच्या काट्यांची रांग. अध्यक्षाने हळूच शेपटीत लाल-हिरवे दिवे घातले होते, ते मुलीने ओढून काढले. तो म्हणाला, "ताई, जरा दात तरी दाखवू या. पब्लिकला भ्या वाटाया पायजे." ती म्हणाली, "दात आहेत, पण तोंड खालच्या बाजूला असतं. दिसणार कसे?" अध्यक्ष बराच वेळ ताडपत्रीच्या खाली डोकं घालून बसला होता.

तोंड खाली, डोळे वर. मग वाळूत तोंड खुपसून पडलेला हा मासा श्वास कसा घेतो? तर डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात, त्यांतून पाणी आत ओढतो. मुलीने ताडपत्रीला तशीच दोन भोकं पाडली, माझ्या नाका-डोळ्यांसाठी. वाळूचं मात्र जमेना. आमच्याकडे वाळूचा ढीग दिसला की आधी तलाठी येतो, मग प्रश्न विचारतो. शेवटी वखारीतून लाकडाचा भुसा आणून पसरला. मी आयुष्यात एवढा शिंकलो नाही. शिंक दाबायची, कारण पाकट शिंकत नाही. पुढे खेळाच्या वेळी माझी बायको पहिल्याच रांगेत बसून ते बघत होती आणि तिला केवढा आनंद होत होता ते मला भोकांतून दिसत होतं.

ठिपके मुलीने स्वतः रंगवले. मी घरात पालथा पडलेलो आणि ती एक छापील फोटो शेजारी ठेवून माझ्या पाठीवरच्या ताडपत्रीवर ब्रश चालवत होती. मी म्हणालो, "कसेबी मार की चार. कोण बघतंय?" ती म्हणाली, "कसेही नाही. प्रत्येकाच्या पाठीवरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे. ही एक ठरावीक मादी आहे. हीच हवी मला." अंगठ्याचं मला कळतं. रोज चार म्हाताऱ्यांचे अंगठे शाईत बुडवतो मी. 

खेळ सुरू झाला. पडदा उघडला की निळा उजेड, वर कागदी मासे फिरतायत, खाली भुशात मी. मुलगी बाजूला माईक घेऊन उभी. टेप लावायला तिने साफ नकार दिला होता, प्रत्येक वेळी ती स्वतः बोलणार. पहिल्या खेळाला तिने "समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड जेमतेम पोचतो" एवढं म्हटलं आणि मी सवयीने तळातून ओरडलो, "मोठ्यानं बोल, मागं ऐकू यीना!" मांडव हसला. तिने माईक बंद केला, माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला गप्प राहता येत नसेल तर मी दुसरं कुणी बघते."

दुसरं कुणी! आळीत दुसरा एवढा आहे कोण? मी गप्प बसलो. म्हणजे पडलो.

गप्प पडल्यावर काय काय सोसावं लागतं ते विचारू नका. पहिल्या दिवशी शेजारच्या कातवी गावची एक आजी येऊन मुलीला विचारते, "द्येव हाय का बाई ह्यो?"

"नाही आजी, मासा आहे."

"मंग मत्स्यावतारच की," म्हणून आजीने माझ्या पाठीवर झेंडूचं फूल ठेवलं आणि डोकं टेकवलं. दुसऱ्या खेळाला तिचं बघून आणखी चार बायका आल्या. एकीने हळद-कुंकू वाहिलं, ते नेमकं नाकाच्या भोकात. आणि प्रत्येक खेळाला, न चुकता, मागून एक तरी आवाज यायचा, "ताई, ह्याचं कालवण कसं लागतं?" पवना नदीच्या मासळीवर वाढलेली माणसं आम्ही, मासा म्हटल्यावर दुसरं काय विचारणार. मला जाम बोलायचं असायचं. एकदा तर एक जण म्हणाला, "ह्या वयात मंडळानं आमच्या भाऊला पार आडवा केला." तो माझाच चुलत मेव्हणा होता. त्याला भुशातून लाथ मारायची केवढी इच्छा झाली! पण पाकटाला पाय नसतात.

मग काय करणार? ऐकत होतो.

पहिले दोन दिवस कानावरून गेलं. तिसऱ्या दिवसापासून आत जायला लागलं. दहा मिनिटं, रोज सात वेळा, आणि मध्ये तोंड घालायची सोय नाही. ती सांगायची, या माशाच्या अंगात हाड नाही, सगळी कूर्चा, आपल्या कानात असते तशी. खेकडा किंवा मासा जवळ आला की हा वरून झेपावून अंगाखाली धरतो, मग खालच्या तोंडाने खातो. डोळ्यांना दिसत नाही तिथे भक्ष्याच्या अंगातली बारीकशी वीज याला कळते. हे मला फारच आवडलं. मग ती अंड्याचं सांगायची. कोंबडीसारखं नाही, चामड्याची चौकोनी पिशवी, चार कोपऱ्यांना चार शिंगं. आई ती तळाच्या दगडांत ठेवते आणि निघून जाते. पिल्लू आत एकटंच वर्षाहून जास्त काळ वाढतं. पिशवीला फट पडते, तिच्यातून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. बाहेर येतं तेव्हा ते पूर्ण पाकट असतं, लहानसं, पण पूर्ण. आणि इथे दर वेळी तिचा आवाज जरा खाली यायचा. ती म्हणायची, यांना वयात यायला फार वर्षं लागतात. तळ खरवडत जाणारी जाळी आली, त्यात हे मोठे होण्याआधीच निघून गेले. जिथे पूर्वी ढिगाने मिळायचे, तिथे आता शोधावे लागतात.

माझी पोरगी एवढं छान बोलते, हे मला माहीतच नव्हतं. शप्पथ सांगतो. सव्वीस वर्षांची झाली आणि तिचं एक वाक्य मी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. मला वाटायचं, पोरगी काय बोलणार ते मला माहीत आहे. भुशात तोंड घालून पडल्या पडल्या मला कळलं की मला घंटा माहीत नाही.

पण घरी गेलो की परत तेच. भुसा झटकून जेवायला बसायचो, ती समोर, आणि माझ्या तोंडून निघायचं काय, तर "मीठ दे." सांगायचं होतं, पण कसं सांगायचं? बावीस वर्षं राक्षस झालेल्या माणसाला मरायची सवय असते, हरायची नसते. बायको दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि भाकरी जरा आपटूनच वाढायची. सहावा दिवस गेला.

सातव्या संध्याकाळी परीक्षक आल्या. तुंगार्लीला राहणाऱ्या एक निवृत्त प्राध्यापक बाई, चष्मा, हातात वही. अध्यक्षाने सकाळपासून सगळ्यांना दम दिला होता. मला खास येऊन सांगून गेला, "भाऊ, पाया पडतो, हलू नका." बाई उभ्यानेच खेळ बघत होत्या, त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि खेळ अर्ध्यावर असताना मध्येच मुलीला विचारलं, "हे ठिपके फार नेमके वाटतात. तुम्ही हा मासा जवळून पाहिलाय?"

मुलगी म्हणाली, "नाही मॅडम. आपल्याकडचे पाकट बंदरावर पाहिलेत, मेलेले. हा कधीच पाहिला नाही. फोटो बघून काढलाय."

"पाहायची इच्छा नाही?"

"खूप आहे. तिकडे एका बोटीवर मला जागा मिळालीय. हे मासे गळाने वर घ्यायचे, ठिपक्यांचा फोटो काढायचा, खूण लावायची आणि परत सोडून द्यायचे. ही मादी अजून तिथेच आहे, दोन वर्षांमागे परत सापडली होती."

"अरे वा! मग जाताय ना?"

माईक चालूच होता. मांडव गच्च भरलेला. माझी बायको पहिल्या रांगेत पदराचा बोळा करून बसलेली मला दिसत होती.

मुलगी म्हणाली, "अजून नक्की नाही मॅडम. घरी विचारायचं राहिलंय."

राहिलंय! तीनदा विचारलं होतं तिने. कचेरीबाहेर माझ्यासमोर रोज खोटं सांगतात माणसं, जमिनीसाठी, भावाला बुडवायला. माझी पोरगी चारशे माणसांसमोर खोटं बोलली ते माझी लाज राखायला.  शिंक येते तसं रडू आलं, आणि ते काही मला दाबता येईना.

मी उठलो.

आता शंभर किलोचा माणूस ताडपत्री, बांबू आणि शेपटीसकट भुशातून उठतो म्हणजे काय होतं बघा. दोन कामट्या मोडल्या. कागदी मासे डोक्यात अडकले. पोरं किंचाळली, कुणीतरी ओरडलं, "आरं, मासा उटला!" कातवीची आजी परत आली होती, तिने दोन्ही हात जोडले. अध्यक्ष खांबाला धरून खाली बसला.

मी म्हणालो, "मॅडम, विचारलंय तिनं. तीन डाव विचारलंय. मीच एकदाबी पुरतं ऐकून घेतलं न्हाई."

बाईंनी चष्मा वर केला. "आणि आता?"

आता म्हणजे मला बोलायची संधी होती. माईक होता, गर्दी होती, आणि मी बोलायला उभा राहिलो की एरवी अर्धा तास हलत नाही. तोंड उघडलंही मी. मग मुलीकडे बघून म्हणालो, "आता तू सांग. समदं सांग. मी हितंच हाय."

ती घाबरली. आधी आईकडे बघितलं, आईने मान हलवली. मग सांगायला लागली. गाव कुठलं, राहायचं कुठे, बोटीवर किती जणी, पगार कुठून, वर्षाकाठी घरी कधी यायचं. थंडीची भीती वाटते म्हणाली. आम्हा दोघांचं वय वाढतंय त्याची वाटते म्हणाली. मग म्हणाली, "आणि तुम्ही रागावून पाठवलंत तर मला तिथे काहीच सुचणार नाही, बाबा." मध्ये तीन वेळा माझ्या ओठावर शब्द आला. तीन वेळा गिळला. 

ती थांबली. मी तरीही जरा वेळ थांबलो, उगाच आणखी काही राहिलं असेल म्हणून.

"झालं सांगून?"

"झालं."

"मग जाऊन ये."

तिने मनगटाने डोळे पुसले. मग आवाज होता नव्हता तेवढा गोळा करून माईकमध्ये म्हणाली, "बाबा, खाली झोपा. खेळ अजून संपलेला नाही."

मी झोपलो.